ऐकणाऱ्याची मर्यादा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या या आनंदाच्या प्रसंगी आपण मला दोन शब्द बोलायला बोलावलेत, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. अशा वेळी पाहुणीने मंडळाच्या कार्याचे कौतुक करावे आणि आटोपते घ्यावे, हा शिरस्ता मला ठाऊक आहे. कौतुक तर मी मनापासून करतेच, परंतु चिटणीसबाईंनी मला बजावून सांगितले होते की, "तुम्ही सोलापुरास मुलामुलींना समुपदेशन शिकवता, म्हणजे नेमके काय शिकवता ते आमच्या बायकांना कळेल असे सांगा." तेव्हा आज्ञेप्रमाणे तेच सांगणार आहे. त्यातही समुपदेशकाने काय करावे यापेक्षा त्याने काय करू नये, त्याची मर्यादा कोणती, एवढ्याच भागावर बोलेन. कारण ही मर्यादा एकट्या समुपदेशकाने पाळून भागत नाही. निम्मी ती गावाने पाळावी लागते.

प्रथम शब्दाविषयी. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, आणि तेथेच घोटाळा होतो. उपदेश करणारांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. सासर सोडून आलेल्या लेकीला उपदेश करायला अख्खी आळी जमते. समुपदेशक हा त्या जमावातला आणखी एक नव्हे. तो ऐकतो, विचारतो, ऐकलेले पुन्हा नीट मांडून दाखवतो, आणि समोरच्या माणसाला स्वतःची वाट स्वतः दिसू लागेपर्यंत सोबत बसतो. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हे सांगितले की मुलांचे चेहरे उतरतात. कारण 'मला सल्ला छान देता येतो' म्हणूनच बरेच जण आलेले असतात!

आपल्या आज्या-पणज्यांचे ऐकणारे कोण होते? पहाटेचे जाते. सासुरवाशिणीने माहेरची आठवण, नवऱ्याचा राग, मेलेल्या लेकराचे दुःख, सारे जात्यापाशी बसून ओव्यांतून सांगितले. जात्याचे गुण दोन. ते मध्येच बोलत नसे, आणि एका घरचे ऐकलेले दुसऱ्या दारी नेत नसे. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, हातांचे फोड वाचले, हे चांगलेच झाले. परंतु मन मोकळे करण्याची ती जागा गेली ती गेलीच. समुपदेशकाकडे आपण मागतो ते हेच दोन गुण. जात्याला ते दगडाचे म्हणून सोपे होते. माणसाला ते शिकावे लागतात.

हे शिकवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. या संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. मारहाण सोसणाऱ्या बाईला पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी, हा त्यामागचा विचार. आज जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणीही समुपदेशक दिसतात. सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीच्या तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन करतात. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी 'मैत्री' केंद्रे निघाली आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात दंडाधिकाऱ्यांना समुपदेशनाचा आदेश देता येतो. तेव्हा समुपदेशक हा काही शहरातच भेटणारा माणूस राहिलेला नाही. उद्या तुमच्याच घरातील लेक किंवा सून हे काम करील, आणि तुमच्याच घरातील दुसरी कोणी तिच्यापुढे येऊन बसेल.

अडचण तेथेच सुरू होते. शहरात समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा माणूस एकमेकांना परके असतात. बोलणे संपले की दोघे दोन दिशांना जातात. आपले मंद्रूप मोठे गाव खरे. येथे पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, विजयपूरच्या रस्त्याची वर्दळ आहे. पण एस.टी.तून कोण उतरले आणि कोणाच्या घरी गेले, हे सांगायला येथे वर्तमानपत्र लागत नाही. अशा गावात समुपदेशकाने परके कसे राहावे?

आम्ही वर्गात फेलिक्स बीस्टेक या अमेरिकन लेखकाने १९५७ साली मांडलेली सात तत्त्वे शिकवतो. प्रत्येक माणूस वेगळा मानावा. त्याला भावना मोकळेपणी बोलू द्याव्यात. आपण आस्था दाखवावी पण आपल्या भावनांवर ताबा ठेवावा. तो आहे तसा त्याला स्वीकारावे. त्याचा न्यायनिवाडा करू नये. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. आणि त्याचे गुपित राखावे. सातही तत्त्वे मुले चार दिवसांत पाठ करतात. कसोटी पुढेच असते. मागे एका वर्गात आपल्याच तालुक्यातील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ओळखीच्या माणसाचे समुपदेशन करू नये असे आपण सांगता. आमच्या गावात मला अनोळखी माणूसच नाही. येईल ती एकतर माझी चुलतजाऊ असेल, नाहीतर शाळेतली मैत्रीण, नाहीतर आमच्या रानात खुरपायला येणारी. मग मी शिकून घरी बसू का?"

प्रश्न अगदी खरा होता. भगिनींनो, आजच्या माझ्या भाषणाचा गाभाही तोच आहे. तिला मी जे उत्तर दिले ते असे. मर्यादा म्हणजे लांब राहणे नव्हे. मर्यादा म्हणजे आपण या क्षणी कोण म्हणून बसलो आहोत हे स्वतःला आणि समोरच्याला स्पष्ट असणे. शहरात अंतर आपोआप मिळते. गावात ते रोज हाताने सारवून आखावे लागते.

जवळच्या नात्याच्या बाबतीत मात्र नियम कडकच हवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली २००६ साली जे नियम झाले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, वादात ज्याचा हितसंबंध आहे किंवा जो कोणत्याही पक्षाचा नातेवाईक आहे, त्याला समुपदेशक नेमू नये. सर्व पक्षांनी लेखी संमती दिली तरच अपवाद. नियम करणारांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. नणंद ही भावजयीची समुपदेशक होऊ शकत नाही. ती वाईट आहे म्हणून नव्हे. तिचा जीव दोन ठिकाणी गुंतलेला आहे म्हणून. अशा वेळी "मी तुमच्यासाठी दुसरी चांगली बाई पाहून देते" असे म्हणणे, हेच तिचे समुपदेशन.

पण नुसती ओळख असेल तर? तर पहिल्याच भेटीत ते बोलून टाकायचे. आम्ही मुलींकडून हे शब्द मोठ्याने म्हणवून घेतो: "काकू, आपण एकमेकींना ओळखतो. बाजारात भेटलात तर मी आपण होऊन काही विचारणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण इथला विषय तिथे काढणार नाही. तुम्हाला दुसऱ्या कोणाशी बोलणे बरे वाटत असेल तर तसे सांगा, मला मुळीच राग येणार नाही." एवढी चार वाक्ये, पण ती बोलायला नवशिक्या मुलीची जीभ अडखळते; कारण आपल्याकडे मोठ्या बाईला 'मी ओळख दाखवणार नाही' म्हणणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून सराव लागतो.

दुसरी मर्यादा दुहेरी भूमिकेची. गावात एकच हुशार मुलगी बचत गटाची हिशेबनीस असते, अंगणवाडीत मदत करते, आणि समुपदेशनही शिकते. समजा, जिचा हप्ता थकला आहे तीच बाई मन मोकळे करायला आली. आता ऐकणारी कोण? गटाची हिशेबनीस की समुपदेशक? बाई नवऱ्याच्या दारूविषयी बोलली, तर पुढचे कर्ज मंजूर करताना ते आठवणार नाही का? आणि ही भीती मनात असताना ती बाई खरे बोलेल का? म्हणून ज्या माणसाचा पैसा, नोकरी, गुण किंवा शिधा आपल्या हातात आहे, त्याचे समुपदेशन आपण करू नये. शिक्षिकेने आपल्याच वर्गातल्या मुलीचे ऐकून घ्यावे, धीर द्यावा; परंतु समुपदेशक म्हणून दुसऱ्याकडे पाठवावे.

तिसरी गोष्ट देण्याघेण्याची. आपला भाग मोठा अगत्यशील. बरे वाटले की बाई शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या, रानातला हुरडा घेऊन येते. परत करावे तर तिचा अपमान, घ्यावे तर उद्या साडी येईल. आम्ही मुलांना सांगतो की, रागाने परत करू नका आणि लाजेने घेऊ नका. एखाद्या वेळी मूठभर हुरडा सगळ्यांसमोर वाटून खावा आणि म्हणावे, "काकू, इथे यायला काही आणावे लागत नाही." पैसा, दागिना, कापडचोपड कधीच घेऊ नये. उसने मागू नये, उसने देऊ नये. ज्या दिवशी तिला वाटले की आपण काही नेले नाही तर आपले नीट ऐकले जाणार नाही, त्या दिवसापासून हे काम धंदा झाले असे समजावे.

चौथी गोष्ट आपल्या या भागाचीच. येथे कित्येक घरांत चुलीपाशी कन्नड, आणि शाळेत व कचेरीत मराठी. दुःख मात्र माणूस चुलीपाशीच्या भाषेत सांगतो. समुपदेशकाला कन्नड येत नसेल, तर घाईघाईने कोणाला दुभाषी बसवतात? बहुधा बरोबर आलेल्या सासूला किंवा शाळकरी मुलीला! जिच्याविषयी तक्रार सांगायची तिच्याच तोंडून ती सांगायची, किंवा आईवर काय गुदरले ते दहा वर्षांच्या लेकीने दुसऱ्या भाषेत उच्चारायचे, हा केवढा अन्याय! घरचा माणूस दुभाषी घ्यायचा नाही, हा आमचा पक्का नियम आहे. गुप्ततेची शपथ समजलेली बाहेरची बाई मिळेपर्यंत थांबावे; नाहीतर ज्याला ती भाषा येते त्याच्याकडे पाठवावे.

पाचवी मर्यादा बोलायला अवघड, पण आईबापांनी ऐकलीच पाहिजे अशी. मन मोकळे करणाऱ्या माणसाला ऐकणारा फार जवळचा वाटू लागतो. आजवर कोणी इतके ऐकलेलेच नसते. या ओढीचा फायदा घेणे, शरीराची जवळीक करणे किंवा तसे सुचवणे, हे या व्यवसायातील सर्वांत मोठे पाप आहे. 'तिची संमती होती' ही सबब तेथे चालत नाही. कारण जी आधारासाठी आली आहे तिची संमती मोकळी नसते. रात्री-अपरात्री फोनवर निरोपांची देवघेव, कामाशिवायची भेट, 'हे फक्त आपल्या दोघांत' असली भाषा, ही तिकडे जाणारी पायवाट आहे. म्हणून वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि संकटकाळी कोणाला फोन करायचा तेही आधी सांगितलेले असावे. तुमच्या मुलीला किंवा मुलाला कोणी समुपदेशक असे गुपचूप बोलावू लागला, तर संकोच न करता तक्रार करा.

सहावी गोष्ट तडजोडीची. घर मोडू नये असे कोणाला वाटत नाही? परंतु समुपदेशकाने 'घर जोडून दाखवीन' असा पण करून बसू नये. बाई मार खाऊन आली आणि तिला पहिल्याच दमात "थोडे सोसून घे" म्हटले, तर तो उपदेश झाला, समुपदेशन नव्हे. मघाशी सांगितलेल्या २००६ च्या नियमांत हेही आहे की, मारहाणीचे समर्थन हा समुपदेशनाचा भागच होऊ द्यायचा नाही. 'भाजी खारट झाली म्हणून हात उठला' हे कारण ऐकून त्यावर वाटाघाट करायची नाही. आधी मारणे थांबेल याची हमी, मग पुढचे बोलणे. नांदायला जायचे की नाही, हा निर्णय तिचा. आपला देव, आपली जात, आपले पक्षाचे मत, आपल्या संसाराचा अनुभव, यांतले काहीही तिच्या ओटीत घालायचे नाही.

आता मुख्य मर्यादेकडे येते, ती गुपिताची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या माणसाला गुप्ततेचा हक्कच दिला आहे. त्याचा आजार आणि उपचार यांची माहिती उपचार करणाऱ्यांनी बाहेर देऊ नये, असे त्याचे २३ वे कलम सांगते. त्याच वर्षी झालेल्या एचआयव्हीविषयक कायद्याप्रमाणे एखाद्याची लागण त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगता येत नाही. जे थोडे अपवाद आहेत ते कायद्यानेच ठरवले आहेत. तेव्हा गुप्तता हा कोणाच्या चांगुलपणाचा प्रश्न उरलेला नाही.

परंतु कायदा वाचून गुपित राखता येत नाही. मुले म्हणतात, "बाई, आम्ही नाव सांगत नाही." शहरात नाव झाकले की पुरते. गावात नाव झाकून काहीच झाकले जात नाही! 'जिचा नवरा ऊसतोडीला गेला आहे, जिला तिसरीही मुलगी झाली, आणि जिचे घर पाण्याच्या टाकीमागे आहे' एवढे म्हटले की नाव घ्यायला राहिले काय? म्हणून आम्ही एक सराव घेतो. एक कल्पित हकीकत देतो आणि सांगतो की, ही तुमच्या मार्गदर्शकाला अशी सांगा की त्याला अडचण कळावी पण घर कळू नये. पहिल्या खेपेला कोणालाच जमत नाही. कोणी म्हैस ठेवतो, कोणी विहीर ठेवतो. हळूहळू कळते की, कामाला लागणारी गोष्ट फारच थोडी असते; बाकी सारी आपली सांगण्याची हौस असते.

नोंदवहीचेही तसेच. वहीत नावाऐवजी खूण; नावांची यादी वेगळी, कुलपात. वही घरी नेऊन मांडणीवर ठेवायची नाही. घरच्यांना वाचता येते! फोनमध्ये छायाचित्र काढायचे नाही, गटावर टाकायचे नाही. 'आज एका दुःखी भगिनीला मदत केली' असे चित्र टाकून स्वतःची पाठ थोपटून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्या भगिनीला विचारले तर ती सांगेल, मदत झाली की नाही ते.

मात्र, भगिनींनो, गुपिताला शेवट आहे, आणि तो न शिकवणे हे गुपित फोडण्याइतकेच घातक. १९६९ साली अमेरिकेत बर्कली येथे तातियाना तारासॉफ या विद्यार्थिनीचा खून झाला. मारणाऱ्या तरुणाने आपला बेत विद्यापीठातील मानसतज्ज्ञाला आधी सांगितला होता. तज्ज्ञाने तेथील पोलिसांना कळवले. त्यांनी तरुणाची चौकशी करून त्याला सोडले. पण त्या मुलीला किंवा तिच्या आईबापांना कोणीच सावध केले नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्याची काळजी घेणे हेही उपचार करणाराचे कर्तव्य आहे. आपल्या २०१७ च्या कायद्यातही, दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून किंवा कोणाचा जीव वाचावा म्हणून, जरूर तेवढीच माहिती देण्याची मोकळीक ठेवली आहे.

मुलांच्या बाबतीत तर मोकळीक नाही, सक्ती आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवलेच पाहिजे. हे बंधन समुपदेशकावर आहे, शिक्षिकेवर आहे, शेजारणीवरही आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. बालविवाह ठरल्याचे कळले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

वर्गात हे शिकवताना मुले गप्प होतात. एक कल्पित उदाहरण आम्ही देतो. सोळा वर्षांची मुलगी म्हणते, "ताई, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या, मग सांगते." घ्यावी का शपथ? जवळजवळ सगळा वर्ग 'घ्यावी' म्हणतो. नाहीतर ती बोलणारच नाही असे त्यांना वाटते. पण शपथ घेतली आणि तिने घरातल्याच माणसाचे नाव घेतले, तर? मग कायदा मोडायचा की त्या लेकराचा विश्वास? शपथ घेण्याआधीच उत्तर तयार हवे: "बाळ, तुझे बोलणे मी जपून ठेवीन. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कोणी इजा करत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. ती बोलवण्याआधी मी तुला सांगेन, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही." हे ऐकून काही मुले त्या दिवशी गप्प बसतील. तरीही हेच बरोबर आहे. ज्या माणसाने आधीच खरे सांगितले त्याच्याकडे मूल पुन्हा येते; ज्याने शपथ मोडली त्याच्याकडेच काय, कोणत्याच मोठ्या माणसाकडे ते पुन्हा जात नाही.

शेवटची मर्यादा आपल्या ज्ञानाची. कोणी कानात आवाज येतात म्हणाले, कोणी जीव द्यावासा वाटतो म्हणाले, तर नवशिक्या समुपदेशकाने एकट्याने शूरपणा करू नये. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून 'टेली मानस' हा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालतो. त्यावर मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. आणि स्वतः समुपदेशकालाही ऐकणारे कोणी हवे. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकून तो घरी लेकरांवर ओरडू लागला, तर दोष त्याचा नाही. पण आपल्या मार्गदर्शकाकडे न जाणे हा मात्र दोष.

हे सारे मी तुम्हाला का सांगितले? तुम्हाला समुपदेशक व्हायचे आहे म्हणून नव्हे. सुरुवातीला म्हटले की निम्मी मर्यादा गावाची आहे. ती कोणती, ते आता सांगते. समजा, तुमच्या शेजारची मुलगी हे काम करू लागली. हळदीकुंकवाला ती आली, आणि कोणी हलकेच विचारले, "काय गं, अमकीची सून तुझ्याकडे येते म्हणे? काय झालंय तिचं?" प्रश्न अगदी साधा, मायेचाही असेल. पण विचारणारी तिची चुलती, आणि मुलगी वयाने लहान. ती काय करील? "नाही" म्हणाली तर खोटे, "हो" म्हणाली तर गुपित फुटले, गप्प बसली तर 'शिकून शिष्ट झाली' हा शेरा. हे शिकवायला आमच्याजवळ पुस्तक नाही. "काकू, माझ्याकडे कोण येते ते मी कोणाचेच सांगत नाही, उद्या तुम्ही आलात तरी सांगणार नाही" असे हसून म्हणायला आम्ही मुलींना शिकवतो. परंतु तो प्रश्नच न विचारणे हे काम तुमचे आहे.

एकदा एका बाईचे बोलणे बाहेर फुटले, की तिचे नुकसान होतेच. पण त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. जी दुसरी बाई मनाशी ठरवत होती की 'उद्या जाऊन बोलावे', ती जात नाही. तिच्या घरचा मार तसाच चालतो, तिच्या मनातला काळोख तसाच वाढतो, आणि एखाद्या सकाळी गाव हळहळते, "एवढे होते तर बोलायचे होते कोणाशी तरी!" बोलायचे कोणाशी, ती जागा आपणच राखली नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून या वर्धापनदिनी माझी मंडळाला तीन विनवण्या आहेत. मंडळाच्या खोलीचा एक कोपरा, दार लावता येईल असा, आठवड्यातून दोन तास मोकळा ठेवा. तेथे कोण आले याची नोंद दारावरच्या वहीत करू नका, कारण त्याच वेळी शिवणाचा वर्गही चालू ठेवला तर कोण कशासाठी आले हे कोणाला कळणार नाही. दुसरे, मंडळाच्या सभासदांनी आपसात एक ठराव करा की, त्या कोपऱ्यात बसणाऱ्या मुलीला कोणी काही विचारणार नाही. आणि तिसरे, १४४१६, १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२, हे चार आकडे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. पैसा फारसा लागत नाही. लागते ती जिभेची शिस्त.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, हेही समुपदेशनच झाले म्हणायचे! मंद्रूपच्या कोणत्याही लेकीला आपले दुःख भिंतीला सांगण्याची पाळी न येवो.